शीची वही : एका छपाईकामाच्या नोंदी

५ जून २०२५, गुरुवार
नवं काम. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी दवाखान्यात बोलावलं होतं. लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेवर घडीपत्रक हवंय. ए-थ्री कागद, दोन घड्या, एका बाजूला माहिती, मागच्या बाजूला महिनाभर नोंदी करायचा तक्ता. ५०० प्रती. लग्नपत्रिका, बेदाण्याच्या अडत्यांची पावतीबुकं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यात माझी बावीस वर्षं गेली. शीवरचं काम पहिलंच.

मजकूर मॅडम तोंडी सांगणार, मी लिहून काढणार. मी तिथंच वहीत मथळा टाकला : 'मुलांमधील बद्धकोष्ठता : कारणे व उपाय'. मॅडमनी माझ्याच पेनानं तो खोडला. हा शब्द घेऊन त्यांच्याकडे आजवर एकही आई आलेली नाही म्हणे. "दोन तास बाहेरच्या बाकावर बसा. आया काय बोलतात ते टिपा. मथळा आपोआप मिळेल."

९ जून, सोमवार
बाकावर बसलो. टिपलेलं जसंच्या तसं : "खडा होतो." "शी अडलीय." "चार दिवसांनी जातो, पण एकदम एवढी मोठी की फ्लशनं जात नाही." "कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, हाक मारली तरी येत नाही." "पोट साफच होत नाही हो हिचं." आणि सगळ्यात जास्त वेळा : "जेवतच नाही, टॉनिक लिहून द्या."

मॅडम टॉनिकवाल्यांना पहिला प्रश्न शीचा विचारतात. आया पटकन सांगतात, "होते की रोज." रोज होते, पण शेळीच्या लेंड्यांसारखी चार खडे. बाकीची आतच. जिचं पोट आधीच भरलेलं, ती पोर जेवणार कुठून?

मॅडमनी निकष सांगितले. 'रोम ४' म्हणून २०१६ पासूनचे आहेत, जगभरचे डॉक्टर वापरतात. चार वर्षांवरच्या मुलाला आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होणं, कडक किंवा दुखणारी होणं, संडास तुंबेल एवढी मोठी होणं, शी आवळून धरणं, आठवड्यात एकदा तरी चड्डीत होणं. सहावी खूण डॉक्टरांनी तपासल्यावर कळते. यातल्या दोन गोष्टी महिनाभर चालल्या तर बद्धकोष्ठता धरायची. महिना पुरा व्हायची वाट बघत बसायचं नाही, हे त्यांनी वर सांगितलं.

मथळा मिळाला : 'शी रोज होते. पण कशी?'

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. घरात सकाळपासून आरडाओरडा. पुतण्या पहिलीत गेला आणि पहिल्याच दिवशी चड्डी भरवून आला. पंधरा दिवस चालूच आहे हे, मला आज कळलं. वहिनींच्या मते जुलाब. मेडिकलवाल्याकडून जुलाब थांबायची गोळी आणलेली, केळी-पपई बंद, नुसता दहीभात. शिवाय एक धपाटा.

दुकानात येऊन संगणक सुरू केला, तर समोर माझंच टाइप केलेलं वाक्य : 'चड्डीला सारखे डाग पडत असतील तर जुलाब समजू नका, आधी दाखवून घ्या.' शुक्रवारी हेच वाक्य मी दोनदा वाचून शुद्धलेखन तपासलं होतं. घरच्या दोरीवर रोज चार चड्ड्या वाळत होत्या, त्यांच्याशी जोडावं असं डोक्यात आलं नाही.

दुपारी घरी बोललो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचे कागद मला वाचून दाखवू नका. धुवायला या."
बरोबर आहे.

१८ जून, बुधवार
गिऱ्हाईक म्हणून गेलो दवाखान्यात. वहिनी, आई, पुतण्या आणि मी.

मॅडमनी त्याला उताणं झोपवून डाव्या कुशीत, बेंबीच्या खाली बोटं दाबली. मग वहिनींचा हात धरून तिथंच ठेवला. वहिनींचा चेहरा बदलला. "गोळा लागतोय." लिंबाएवढा, म्हणाल्या त्या घरी आल्यावर. त्या एका स्पर्शानं जे झालं ते माझ्या आठ परिच्छेदांनी झालं नसतं.

चिठ्ठीच्या पाठीमागं मॅडमनी आतड्याचं चित्र काढलं. शेवटच्या भागात कडक शीचा धोंडा. वरून येणारी पातळ शी त्याच्या कडेकडेनं झिरपते आणि चड्डीत येते. पोराला पत्ताच लागत नाही, कारण ताणून ताणून त्या भागाची जाणीव बोथट झालेली असते. नाटक नाही, आळस नाही. आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे ओढ्यात धोंडा पडलाय, आणि आम्ही पाण्याला बांध घालत होतो." मॅडमनी मला खूण केली. वाक्य पत्रकात घ्यायचं.

सुरुवात कुठं झाली? मे महिन्यात मामाकडं लग्न. ऊन, पाणी कमी, बुंदी आणि मठ्ठा. एकदा दुखलं. दुखलं म्हणून पुढच्या वेळी आवळून धरलं. शी आत राहिली की मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक होते, आणखी मोठी होते, आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. बस्स, फिरलं चक्र. शंभरातल्या साधारण पंच्याण्णव पोरांचं असंच असतं, पोटात दुसरा आजार काही नसतो. आणि हे चक्र बहुतेकदा तीन वळणांवर सुरू होतं : वरचं अन्न सुरू करताना, संडासला बसायची सवय लावताना, शाळेत जायला लागल्यावर. आमच्याकडं मामाकडचं लग्न आणि शाळा एकाला एक लागून आले. शाळेतल्या संडासाला आतून कडी नाही, असं पोरानं हळूच सांगितलं. हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणजे आम्हीच विचारलं नव्हतं.

आणखी एक. तो कपाटाला धरून, चवड्यांवर उभा राहून, पायाला पाय घट्ट लावून लाल होतो. सगळं घर म्हणायचं, "बघा किती जोर लावतोय बिचारा." तो जोर बाहेर काढायला नसतो, आत धरायला असतो. हे चित्र पत्रकात पाहिजेच.

औषध : मॅक्रोगॉलची पावडर, पाण्यात ढवळून. ती अंगात भिनत नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते, शी मऊ करते. आईनं विचारलं, सवय लागेल का. मॅडम म्हणाल्या, "याची सवय नाही लागत. आवळून धरायची लागते." आईनं एरंडेलाची बाटली काढून ठेवली होती, ती परत फडताळात गेली. एरंडेलानं कळा येतात, आणि बळजबरीनं पाजताना ठसका लागून तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाचं दुखणं होतं.

२१ जून, शनिवार
आतडं आधी रिकामं करायचं, मग महिनोन्‌महिने भरू द्यायचं नाही, असे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात मात्रा जास्त, वजनावर ठरते. आज तिसरा दिवस. शाळा बुडवली. पहिले दोन दिवस चड्डी अधिकच खराब झाली आणि वहिनी माझ्याकडं पावडर मीच बनवली असल्यासारखं बघत होत्या. मॅडमनी आधीच बजावलं होतं म्हणून निभावलं. आज संध्याकाळी सहाला धोंडा हलला. नंतर तासाभरात आणखी दोनदा. रात्री पोरगं दीड भाकरी आणि वाटीभर घेवड्याची आमटी जेवलं. कधी अर्धी भाकरी संपवत नव्हतं.

पत्रकातली मात्रेची ओळ मॅडमनी काढून टाकायला सांगितली. छापली की लोक पत्रक घेऊन थेट मेडिकलात जातात, आणि सहा किलोच्या बाळाला वीस किलोच्या पोराची मात्रा जाते. मला ती ओळ हवी होती, पण त्यांचं पटलं.

२७ जून, शुक्रवार
तक्त्यासाठी शीचे सात प्रकार. हा तक्ता इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा, १९९७ सालचा. एक म्हणजे सुटे खडे, सात म्हणजे नुसतं पाणी, मधले तीन-चार चांगले. मूळ तक्त्यात सॉसेजची उपमा आहे. आमच्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांनी सॉसेज पाहिलेलं नाही.

मग उपमा शोधत बसलो. एक : लेंड्या, यावर वाद नाही. दोन : मी 'भुईमुगाची जाड शेंग' लिहिलं. तीन : मक्याचं कणीस, वरून भेगा. चार : सोललेलं पिकलं केळं. वहिनींनी वाचून कागद परत दिला. "उद्या डब्यात केळं द्यायचंय मला त्याला." खाण्याच्या सगळ्या उपमा रद्द. आता नुसती चित्रं आणि आकडे. आकड्यांचा फायदा असा की शी हा शब्दही न काढता बोलता येतं. आज दुपारी दुकानात फोन आला, मी गिऱ्हाइकासमोर "किती नंबर?" विचारलं, पलीकडून "चार", एवढ्यावर काम झालं.

६ जुलै, रविवार
आषाढी. घरात सगळ्यांचा उपास, पोराचा उगाचच. साबुदाण्याची खिचडी सकाळी, बटाट्याचा कीस दुपारी, संध्याकाळी दूध. उपासाच्या ताटात चोथा म्हणावा असा जवळजवळ नसतोच. वयात पाच मिळवायचे, तेवढे ग्रॅम चोथा रोज पोटात जायला हवा, असा एक सोपा हिशेब मॅडमनी दिलाय. सहा वर्षांचा असेल तर अकरा ग्रॅम. एका मध्यम पेरूत चार-पाच ग्रॅम तरी निघतो. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, शेवग्याच्या शेंगा, सालासकट फळं, भिजवलेला बेदाणा. सांगलीत बेदाण्याला काय तोटा.

पण मॅडमना खाण्याचं पान पत्रकात मागं हवंय. मी विचारलं, का? "पेरूनं धोंडा हलत नाही. पुढं छापलं तर लोक पेरूवरच सहा महिने काढतात." मान्य. दुधाची ओळ मात्र पुढं घेतली. आमचा हिरो तीन मोठे पेले दूध आणि त्यात बुडवून बिस्किटं खात होता. एवढं पोटात गेल्यावर भाकरीला जागा कुठली? आता दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत.

२२ जुलै, मंगळवार
चूक आमचीच. मागच्या आठवड्यात पावडर बंद केली. रोज चार नंबर होत होता, डाग गेले होते, मग औषध कशाला, असा घरचा एकमतानं निर्णय. मीही होतो त्यात, तक्ता बनवणारा शहाणा. शनिवारपासून पोरगं पुन्हा कपाटाला धरून उभं. काल चड्डीला डाग.

मॅडम रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "सगळे हेच करतात." ताणलेलं आतडं पूर्वीच्या मापावर यायला वेळ लागतो. औषध निदान दोन महिने, आणि सगळी लक्षणं गेल्यानंतरही महिनाभर, मग हळूहळू कमी. एका दिवसात बंद नाही. पुष्कळ पोरांना सहा महिने, वर्षही लागतं.

आजचा बदल : 'औषध कधी थांबवायचं' हा भाग तिसऱ्या पानावरून पहिल्यावर आणला. टाइप अठरा पॉइंट, ठळक.

२ ऑगस्ट, शनिवार
पत्रिका छापायला आलेल्या एका बाईंच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. प्रूफ टेबलावर होतं, त्यांनी वाचलं. बाळाला पाच दिवस शी नाही, अंगावरचं पितं, खेळतं. सासूबाई विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घालायचा म्हणतात. मी डॉक्टर नाही, असं सांगून मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी विचारलं, होते तेव्हा मऊ असते का? पोट फुगलंय का? उलटी? मऊ असते, बाकी काही नाही. मग काही करायचं नाही. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला महिन्या-दीड महिन्यानंतर आठवडाभरही शी झाली नाही तरी चालतं, मऊ झाली म्हणजे झालं. काही बाळं दहा-दहा मिनिटं कुंथतात, रडतात, लाल होतात आणि शेवटी मऊ शी करतात. ढकलायचं आणि सैल सोडायचं ही दोन कामं एकाच वेळी करायला ती अजून शिकत असतात. तिथं देठ घातला की देठ आल्याशिवाय करायचं नाही, असं ती शिकतात.

यासाठी वेगळी चौकट केली : 'अंगावरचं बाळ'. त्यातच मधाचं. गुटीत मध चाटवायची पद्धत आपल्याकडं घरोघरी. वर्षाच्या आत मध नाही, त्यातल्या जंतूच्या बीजांमुळं बोटुलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा शी अडणं हीच असते.

११ ऑगस्ट, सोमवार
लाल चौकट. 'घरी थांबू नका.' जन्मल्यावर पहिली काळी चिकट शी ४८ तासांत न होणं, हिरवी उलटी, पोट टम्म फुगणं, वजन न वाढणं, शी रिबिनीसारखी बारीक येणं, चालायला अडखळणं किंवा पायात जोर नसणं, कमरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका. एवढं चार ओळींत बसवताना दम निघाला.

पहिल्या ओळीतल्या आजाराचं नाव देवनागरीत कसं लिहायचं यावर अर्धा तास. हिर्शस्प्रुंग. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ, १८८६ साली बर्लिनमध्ये त्यांनी अशा दोन मुलांची हकीकत मांडली होती. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, म्हणून तो भाग सैल पडत नाही. पाचेक हजार बाळांत एक. उपाय शस्त्रक्रिया. शेवटी नाव छापायचं नाही ठरलं. आयांना खूण कळली की पुरे, नाव मॅडमपाशी आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गणपती आठ दिवसांवर. आळीतल्या पोरांसाठी शाडू आणलेला. पुतण्यानं मूर्ती सोडून सात नंबर केले, ओळीनं पाटावर मांडले आणि मित्रांना समजावून सांगत बसला. सहा नंबरला पाणी जास्त घातलं. पोरं हसून लोळत होती. चित्रकाराला दीड हजार द्यायचे ठरले होते. ते वाचले, मी शाडूच्या त्या सात गोळ्यांचेच फोटो काढले. फोटो मॅडमना पाठवले, त्यांचं उत्तर : "तीन नंबरच्या भेगा फार छान आल्यात."

आई मात्र म्हणाली, गणपतीच्या आधी हे काय घरात. बरोबर तेही.

८ सप्टेंबर, सोमवार
पाटावरून आठवलं. घराची दुरुस्ती झाली तेव्हा आपण भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवला. पोराचे पाय त्यावर लोंबकळतात. उकिडवं बसलं की गुडघे वर येतात, गुदाशयाचा बाक सरळ होतो, वाट मोकळी होते. कमोडवर ते साधायचं तर पायाखाली काहीतरी हवं, गुडघे कमरेच्या वर येतील एवढं. मी फडताळावरचा पाट उचलला. आई मध्ये उभी. जेवणाचा पाट संडासात जाणार नाही. जात नाही म्हणजे नाही. बाजारातून प्लास्टिकचं स्टूल आणलं, एकशे ऐंशी रुपये.

नियम : नाश्ता किंवा जेवण झालं की वीस-तीस मिनिटांत बसायचं, पाच ते दहा मिनिटं. अन्न पोटात पडलं की आतडं हलतं, ती वेळ फुकट घालवायची नाही. मोबाइल नाही. तक्त्यावर चांदणी चिकटवायची ती बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही. ही बारीक गोष्ट मला आधी कळली नव्हती. झाली नाही म्हणून चांदणी हुकली, तर पोरगं पुन्हा संडासालाच घाबरणार.

बाईंना भेटून शाळेतल्या कडीचं सांगितलं. कडी लागली.

२९ सप्टेंबर, सोमवार
प्रूफ तिसरं. मागच्या बाजूचा तक्ता : तारीख, नंबर, दुखलं का, डाग, औषध घेतलं का. पाच रकाने. मी आठ केले होते, पाणी किती, भाजी कोणती वगैरे. आमच्याच भिंतीवरचा तक्ता बघितला, तर ते तीन रकाने पहिल्या आठवड्यानंतर रिकामे. काढले.

संडासातली पेन्सिल रोज गायब होते. कागदाला भोक पाडून सुतळीनं बांधायची सोय ठेवली. पंचिंगचा खर्च प्रतीमागं पंचवीस पैसे, मॅडम हो म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार
दिवाळीच्या गर्दीत कसंबसं यंत्र मोकळं करून ५०० प्रती काढल्या. १३० जीएसएम आर्ट पेपर टाळला. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही, साधा मॅपलिथो घेतला. लाल चौकट दोन प्रतींत सरकली, त्या बाजूला काढल्या.

पुतण्याची पावडर चालूच आहे. शेवटचा डाग १६ ऑगस्टला. मॅडमनी मात्रा परवापासून पाव भागानं कमी करायला सांगितली, पुढची भेट १० नोव्हेंबर. त्याला एक प्रत दिली. त्यानं पहिल्यांदा स्वतःचे शाडूचे फोटो शोधले, मग पेन्सिल घेऊन आजच्या तारखेपुढं चार लिहिला आणि विचारलं, मामाकडं दिवाळीला जाताना स्टूल पिशवीत मावेल का.